आधी कुशीवर वळव

प्रिय बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एमडीचं अजून वर्ष बाकी, हृदयरोगाच्या डीएम पदवीची प्रवेशपरीक्षा नीट एसएस पुढे, आणि तू आत्ताच दवाखान्याच्या पाटीवर काय लिहायचं या चिंतेत. नळी घालून उपचारांचं इंटरव्हेन्शन, ठोक्यांच्या लयीची इलेक्ट्रोफिजिऑलॉजी की दमलेल्या हृदयाचं हार्ट फेल्युअर? कुठेही जा. मला तुझ्याकडून एकच हवंय. पेशंटला डाव्या कुशीवर वळव, पंखा बंद कर, स्टेथोस्कोपची बेल, म्हणजे वाटीसारखी बाजू, हृदयाच्या टोकाशी अलगद टेकव आणि ऐक.

डीएम होऊन आलो तेव्हा मला अँजिओप्लास्टीचं, म्हणजे हृदयाची चोंदलेली रक्तवाहिनी फुग्याने उघडण्याचं, वेड होतं. ग्रुंट्झिग या डॉक्टरने 1977 साली झुरिकला जाग्या पेशंटच्या कोरोनरीत, हृदयाच्याच रक्तवाहिनीत, फुगा फुगवला, ही गोष्ट मी जेवतानाही सांगायचो. त्याच दिवसांत ऊसतोडीवरून एक बाई आली. सातवा महिना, चार पावलांत धाप. मी तिला बसल्या जागीच तपासलं आणि रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या लिहिल्या. आठवड्याने मध्यरात्री तिला आणलं, तोंडाला गुलाबी फेस. मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूची झडप अरुंद झालेली. लहानपणी ताप येऊन सांधे सुजायचे का, एवढंही मी विचारलं नव्हतं; असाच ताप पुढे झडप आखडवतो. झडपेची चार ते सहा चौरस सेंटिमीटरची वाट एकाच्याही आत आलेली. गरोदरपणात रक्त वाढतं, नाडी धावते, झडपेतून रक्त खाली उतरायला वेळ पुरत नाही आणि ते मागे फुप्फुसात तुंबतं. हे सगळं मला पाठ होतं! पुढे मोठ्या शहरात फुग्याने झडप उघडली, बाई वाचली. मूल गेलं.

रांग दाराबाहेर गेली होती, मी एकटा होतो. कुणाकडूनही झालं असतं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. पण कुशीवर वळवायला मिनिट लागतं.

‘सर, इको आहे ना?’ असं म्हणू नकोस. इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदय दाखवणारी तपासणी, कुणाचा करायचा, हे कोण ठरवणार? तालुक्याच्या ओपीडीत मशीन आधी येत नाही, कान आधी येतो. जात्याची घरघर लांबून यावी तसा अरुंद झडपेचा तो आवाज, बेल जोरात दाबलीस की नाहीसा होतो. म्हणून अलगद.

बरोबरीच्यांनी कॅथ लॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करायच्या खोल्या, उभारल्या, मी जिल्ह्यातच राहिलो. लोक याला हट्ट म्हणतात. म्हणोत. तो सांधे सुजवणारा ताप उलटून झडप आणखी बिघडू नये म्हणून दर 21 दिवसांनी 12 लाख युनिटचं पेनिसिलिन घ्यायला माझ्याकडे मुली येतात. त्यांतल्या बऱ्याच जणींचा आजार आधी कानाने सापडला, इको नंतर झाला. या कामाला पाटीवर वेगळा शब्द नाही, आणि मला तो नकोही आहे.

रागावलो असेन तर सोडून दे, तू हुशार आहेस म्हणूनच जीव तुटतो. पुढच्या पत्रात शाखांची यादी नको. वॉर्डात कुणाला कुशीवर वळवलंस आणि काय ऐकू आलं, ते लिही.

तुझा,
सर