भ्यालेला तो भ्याड नव्हे

प्रश्न : भयपटात शेवटी जिवंत उरणाऱ्या मुलीला इंग्रजीत ‘फायनल गर्ल’ म्हणतात. तिच्या जागी घाबरणारा, किंचाळणारा पुरुष असेल तर त्याला ‘भ्याड नायक’ म्हणावं का? आणि ‘फायनल गर्ल’ला मराठीत काय म्हणाल?

‘भ्याड’ अजिबात नको. जो घाबरला त्याला भ्याड म्हणायची हल्ली साथच आली आहे. भ्यायला तो भ्यालेला. भिऊन आपलं माणूस, आपली जागा टाकून पळाला तो भ्याड. अंधारात अंगावर पाल पडली म्हणून ओरडलेला माणूस भ्याड कसा? भित्रा, घाबरट वगैरे सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडून देतो.

मला बोलायचंय ते ‘भेकड’बद्दल. संस्कृतात भेक म्हणजे बेडूक. उणादिसूत्रांत, म्हणजे शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या जुन्या संस्कृत व्याकरणसूत्रांत, ‘भी’ (भिणे) धातूला ‘कन्’ प्रत्यय लावून हा शब्द साधला आहे. भितो तो भेक! तळ्याकाठी जाऊन बघा. तुम्हाला बेडूक दिसायच्या आत डुबुक आवाज येतो आणि काठावर नुसती ओली खूण उरते. आपला भेकड याच भेकाचा वंशज, असं माझं ठाम मत आहे. बेडकाचं मोठेपणी गळालेलं शेपूट मराठीनं ‘ड’च्या रूपानं परत लावलं, इतकंच. भेक हा नुसता आवाजावरून आलेला शब्द आहे असं कुणी म्हणेल. म्हणू दे. आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांना तर भेकड हा भेकरावरून आलेला वाटतो. अहो, सह्याद्रीतलं भेकर धोका जाणवला की भुंकत सुटतं, अख्ख्या रानाला खबर देतं. हे भेकडाचं लक्षण की जागल्याचं? आणि जे ‘भी’वरून थेट भेकडावर उडी मारतात, त्यांना मधला ‘क’ कुठून आला विचारलं की ते चहा मागवतात.

आता तुमचा नायक. सॅम रेमीचा १९८१ चा ‘द ईव्हिल डेड’ घ्या. मित्राच्या मैत्रिणीच्या अंगात पिशाच्च शिरलंय, अॅशच्या हातात कुऱ्हाड आहे, मित्र स्कॉट ‘मार, मार’ म्हणून ओरडतोय आणि अॅश जागच्या जागी थिजलाय. शेवटी स्कॉटच कुऱ्हाड घेऊन काम उरकतो. पण मरतो कोण? धडाडीचा स्कॉट. हातपाय गळालेला अॅश उजाडेपर्यंत टिकतो. (अगदी शेवटच्या क्षणी त्याच्यावर काय झेपावतं, ते ज्यानं त्यानं बघावं.) हा खरा भेक! आधी भितो म्हणून मागे उरतो. १९८७ च्या दुसऱ्या भागात त्याच्या तुटक्या हाताला यांत्रिक करवत बसली, तो शूर झाला आणि माझा त्याच्यातला रस संपला.

त्याच १९८७ साली कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी ‘फायनल गर्ल’ ही संज्ञा आणली. भयपटात भ्यायचं काम बाईकडे, हे त्यांनी नेमकं हेरलं. आपल्याकडे ही वाटणी फार जुनी. नाट्यशास्त्रात भय हा स्त्रियांचा आणि नीच पात्रांचा भाव. भयानक रसाची कारणं तिथे वाचा : ओसाड घर, रान, कोल्हे, घुबडं. थेट शूटिंग लावता येईल! अमरकोशात ‘भीरु’ दोनदा येतो. एकदा अंगना, कामिनी यांच्या रांगेत, स्त्रीसाठी. दुसऱ्यांदा भेदरलेल्या कुणाहीसाठी. म्हणजे बाईला तो शब्द लाडाचा आणि बाप्याला शिवी. म्हणून तुमच्या नायकाला भीरु म्हणू नका, भेकडच म्हणा, पण जरा प्रेमानं.

‘फायनल गर्ल’चं मराठी राहिलंच. ‘शेवटची मुलगी’ तेवढं करू नका. ते ऐकलं की मराठी माणसाला शेंडेफळ आठवतं आणि भूतबीत विसरून तो तिच्या लग्नाच्या काळजीला लागतो.