‘संपूर्ण माहिती’ नको सर, तुमच्या नालीची फाइल मागा

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. नागपुरात मानेवाडा-बेसा रस्त्यालगतच्या एका अभिन्यासात (लेआउटमध्ये) आमचं घर आहे. 2009 मध्ये विकास शुल्काची डिमांड (मागणीची रक्कम) भरली, भूखंड नियमित झाल्याचं आरएल पत्र मिळालं. पावसाळी नाली मात्र अजून नाही. 2018 मध्ये खोदकाम झालं, थोडे पाइप पडले आणि काम थांबलं. गेल्या पावसाळ्यात पाणी देवघरापर्यंत आलं. मी माहिती अधिकारात अर्ज केला. 2001 पासून आजवर सर्व अभिन्यासांकडून जमा झालेलं विकास शुल्क, त्यातून झालेली सर्व कामं, निविदा, बिलं, पत्रव्यवहार, शिवाय आमची नाली का झाली नाही आणि जबाबदार कोण, अशी संपूर्ण माहिती मागितली. उत्तर आलं: ‘मागणी व्यापक आहे, माहिती संकलित स्वरूपात नाही, कलम 7(9) नुसार देता येत नाही.’ हे पत्र मिळून 18 दिवस झाले. आता काय करू?

उत्तर: सर, पत्रासोबत पाठवलेला तुमचा दोन पानी अर्ज मी दोनदा वाचला. त्यातला संताप रास्त आहे. पण त्या अर्जातून तुमच्या गल्लीतल्या नालीचा एकही कागद हाती लागला नसता, हेही मला तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं.

आधी त्यांच्या उत्तराबद्दल. कलम 7(9) माहिती नाकारण्याचं कलम नाही. ज्या स्वरूपात माहिती मागितली त्या स्वरूपात देताना कार्यालयाची साधनसामग्री बेसुमार खर्ची पडणार असेल, किंवा अभिलेखाला धोका असेल, तर ती दुसऱ्या स्वरूपात देता येते, एवढंच हे कलम म्हणतं. झेरॉक्स शक्य नसतील तर ‘या आणि फाइल बघा’ असं तुम्हाला कळवायला हवं होतं. नकार द्यायचा तर कलम 8 किंवा 9 मधलं कारण दाखवावं लागतं, आणि अपिलात तो नकार योग्य ठरवण्याची जबाबदारी जन माहिती अधिकाऱ्यावर असते. या मुद्द्यावर तुमची बाजू भक्कम आहे.

आता तुमच्या अर्जाबद्दल. महाराष्ट्राच्या नियमांत 2012 मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारणपणे 150 शब्दांत बसावा, असं बंधन आहे. विषय जास्त असले तर अधिकारी पहिल्या विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतो. तुमच्या अर्जात मी सात विषय मोजले.

दुसरी अडचण ‘संकलित’ या शब्दाची. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात सांगितलं की कार्यालयाकडे जे आहे तेच द्यायचं. तुमच्यासाठी नवे तक्ते करण्याची सक्ती नाही. शहरभरच्या अभिन्यासांचा दोन दशकांपेक्षा जास्त काळाचा हिशेब हा मुळात कुणीतरी बसून तयार करावा लागेल असा तक्ता आहे. आणि ‘नाली का झाली नाही’ हा प्रश्न अर्जात चालतच नाही. ‘का’ याचं उत्तर म्हणजे माहिती नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्ये स्पष्ट केलं आहे.

तरीही त्या ‘का’चं उत्तर कार्यालयात लिहून ठेवलेलं असतं, फाइलीच्या टिपणी बाजूला. कनिष्ठ अभियंत्याने काय लिहिलं, वरच्या साहेबांनी कोणता शेरा मारला, निधी नाही म्हणून फाइल परत गेली की कंत्राटदाराने काम सोडलं, हे सगळं तिथे तारीखवार सापडतं. म्हणून कारण विचारू नका. टिपणी मागा.

मागणी लहान करायची म्हणजे हक्क सोडायचा, असं अनेक अशिलांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. मोठ्या मागणीला एका ओळीत वाटेला लावता येतं. छोट्या, नेमक्या मागणीसमोर अधिकाऱ्याला एकतर कागद द्यावा लागतो, नाहीतर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. पाइप जमिनीत आहेत आणि कागद नाही, असं लेखी मिळालं तर ते तुमच्या पुढच्या तक्रारीत फार कामाला येईल.

मग कापायचं कुठे? जागा: तुमचा अभिन्यास, मौजा आणि खसरा क्रमांकासह, हे तुमच्या कागदपत्रांवर असेलच. काळ: खोदकाम 2018 चं, म्हणून 1 एप्रिल 2017 ते 31 मार्च 2020. कामांचे मंजुरीचे कागद आर्थिक वर्षाप्रमाणे चालतात, म्हणून एप्रिल-मार्च धरा. कागद: नाव घेऊन मागा. सरकारी कामाची साखळी ठरलेली असते. प्राक्कलन (खर्चाचा अंदाज), प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, देयक. यात माझी नजर पहिल्यांदा मोजमाप पुस्तिकेवर, म्हणजे एमबीवर जाते. किती मीटर नाली झाली म्हणून पैसे दिले गेले, हे तिथे लिहिलेलं असतं. तो आकडा आणि तुमच्या दारातले पाइप समोरासमोर ठेवले की पुढचं बोलणं सोपं होतं.

नवा अर्ज जोडपत्र ‘अ’मध्ये, म्हणजे अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यात करा. मजकूर असा ठेवा:

“मौजा ____, खसरा क्र. ____ येथील ____ अभिन्यासात सन 2018 मध्ये सुरू झालेल्या पावसाळी नालीच्या कामाची फाइल (टिपणी व पत्रव्यवहार, दोन्ही बाजू) आणि त्या कामाची मोजमाप पुस्तिका मला पाहण्यासाठी उपलब्ध करून द्यावी. कालावधी: 1 एप्रिल 2017 ते 31 मार्च 2020. पाहणीनंतर मी निवडलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती नियमानुसार शुल्क आकारून द्याव्यात. ही माहिती अन्य कार्यालयाकडे असल्यास कलम 6(3) नुसार अर्ज तिकडे वर्ग करून मला कळवावे.”

हे शेवटचं वाक्य नागपुरात गाळू नका. आपल्याकडे काही अभिन्यास नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास), काही मनपाकडे आणि हद्दीबाहेरचे एनएमआरडीएकडे (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). नागरिकाने दार शोधत फिरावं अशी कायद्याची अपेक्षा नाही. अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं हे त्यांचं काम आहे.

खर्च फारसा नाही. अर्जावर 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. पाहणीचा पहिला तास मोफत, पुढे दर 15 मिनिटांना 5 रुपये. प्रतीला पानामागे 2 रुपये. आधी पाहणी मागण्याचं कारण हेच: तीनशे पानांच्या फाइलीतली तुमच्या कामाची कदाचित बारा असतील, आणि कोणती ते फाइल उघडल्याशिवाय कळत नाही.

जमा शुल्काचा मुद्दा सोडू नका, पण तो अपिलात घ्या. तुमच्या मूळ अर्जातला तो पहिलाच विषय होता, म्हणून किमान तेवढ्याचं उत्तर मिळायला हवं होतं. प्रथम अपिलाची मुदत उत्तर मिळाल्यापासून 30 दिवस, म्हणजे तुमच्याकडे 12 दिवस आहेत. अपिलाचा नमुना जोडपत्र ‘ब’, त्यावर 20 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. त्यात स्वतःहून लिहा: ‘मी माझी मागणी फक्त माझ्या अभिन्यासाच्या विकास शुल्क वसुलीच्या नोंदींपुरती मर्यादित करतो. त्या नोंदी पाहू देण्याचा आदेश व्हावा.’ अपिलीय अधिकाऱ्याला मान्य करायला सोपी अशी मागणी समोर ठेवली की सुनावणीचा सूर बदलतो. शेजाऱ्यांची नावं आणि कुणी किती भरले हे मात्र मागू नका. वैयक्तिक माहितीचं कारण आयतं मिळेल. तुम्हाला हवी आहे ती एकूण रक्कम. निर्णय 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत व्हायला हवा. नाही झाला किंवा पटला नाही, तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं अपील करता येईल. तिथे तारीख लागायला वेळ जातो, म्हणूनच नवा अर्ज अपिलाची वाट न पाहता याच आठवड्यात द्या.

एक विनंती आहे. उरलेल्या विषयांचे पाच-सहा अर्ज एकाच दिवशी देऊ नका. पहिली फाइल बघा. पुढे काय मागायचं ते तीच सांगेल.

पाहणीला जाताना आरएल पत्राची आणि डिमांडच्या पावतीची झेरॉक्स न्या, आणि पेन्सिल न्या. पाहणीच्या वेळी फक्त पेन्सिल वापरता येते, पेन बाहेर जमा करावं लागतं. जाण्याच्या आदल्या दिवशी टेप घेऊन तुमच्या गल्लीत किती मीटर पाइप पडलेले दिसतात ते मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. एमबी उघडली की आधी तोच आकडा शोधा.