रोज नाशिकरोड ते सिन्नर, बजेट तीन लाख: चालवायला मजा येईल अशी सेकंडहँड गाडी कोणती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राहणं नाशिकरोडला, नोकरी सिन्नरजवळच्या माळेगाव एमआयडीसीत, जाऊन-येऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. आजवर मोटरसायकल वापरली, आता चारचाकी हवी. बजेट तीन लाख, त्यावर एक रुपया नाही. घरचे म्हणतात अ‍ॅव्हरेज देणारी कुठलीही घ्या. तुम्हाला मात्र रोजचा तास-सव्वा तास नुसता ढकलायचा नाही, गाडी चालवल्याचं सुख हवं आहे.

आधी उत्तर सांगतो. २०१२ ते २०१५ मधली पेट्रोल स्विफ्ट बघा. चांगली मिळाली नाही तर पेट्रोल होंडा ब्रिओ. आणि तीन लाख सगळेच्या सगळे गाडीत घालू नका. गाडी अडीच-पावणेतीनपर्यंत बसवा आणि उरलेले पैसे टायर, सस्पेन्शन, ऑइल यांच्यासाठी ठेवा. जुन्या गाडीतली निम्मी मजा त्या उरलेल्या पैशांतून येते.

मी साताऱ्याहून शिरवळला कामाला जातो. परतताना खंबाटकी घाट चढावा लागतो, आणि डोकं कितीही शिणलेलं असलं तरी त्या चढणीवर मला बरं वाटतं. माझी गाडी याच पिढीतली पेट्रोल स्विफ्ट आहे, सेकंडहँड घेतलेली. शिवाय मित्र, नातेवाईक कुणीही जुनी गाडी बघायला निघालं की मी सोबत जातो, त्यामुळे पुढे ज्या गाड्यांबद्दल लिहितोय त्या सगळ्या कधी ना कधी चालवून पाहिल्या आहेत.

मजेचा विषय निघाला की लोक लगेच हॉर्सपॉवर काढतात. पण तुमचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. नाशिकरोडमधून बाहेर पडेपर्यंत सिग्नल आणि रिक्षा, सगळा कारभार दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर. मग चेहेडी, पळसे, शिंदे, टोल नाका, मोकळा चौपदरी रस्ता. शेवटी मोहदरी घाट आणि वर चढलात की माळेगाव. या रस्त्यावर तुमचा बहुतेक वेळ ताशी ३० ते ८० किलोमीटरच्या दरम्यान जाणार. म्हणजे गाडी १६० ला कशी पळते याच्याशी तुम्हाला काही देणंघेणं नाही. क्लच नेमका कुठे पकडतो, गिअर एका हिसक्यात आणि खात्रीने पडतो का, ब्रेक पायाखाली घट्ट लागतो का, स्टिअरिंग सरळ रेषेत शांत राहतं का, दुसऱ्या गिअरमध्ये पाय दिला की इंजिन लगेच हुंकार देतं का, यावर तुमचं सुख अवलंबून आहे. आणि वजनावर. हलकी गाडी कमी ताकदीतही चपळ वाटते, ब्रेकला लवकर थांबते, वळणावर अंग टाकत नाही.

स्विफ्टचं नाव पहिलं घेतलं ते याच हिशोबाने. ऑगस्ट २०११ मध्ये आलेली दुसऱ्या पिढीची स्विफ्ट हजार किलोच्या आत बसते. तिचं १२०० सीसीचं के-सिरीज इंजिन चार सिलिंडरचं आहे आणि ते फिरवायला आवडतं. तीन हजार आरपीएमच्या (इंजिनचे मिनिटाला फेरे) पुढे त्याचा सूर बदलतो. टायमिंग चेन असल्याने ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. गिअर छोटे आणि मऊ पडतात. समजा घाटात कांद्याने भरलेला ट्रक पुढे आहे. तिसऱ्यातून दुसऱ्यात आलात, पाय दिलात, की गाडी तक्रार न करता पुढे निघते. तेवढ्यासाठी मी दुसरी कुठलीही महाग गाडी मागणार नाही. स्पेअर पार्ट सिन्नरच्या बाजारातही मिळतील आणि तिला हात लावू न शकणारा मेकॅनिक शोधूनही सापडणार नाही. स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, त्यातून रस्ता फारसा कळत नाही, ही तिची एक कमतरता मी मानतो.

ब्रिओ सप्टेंबर २०११ मध्ये आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. लोकांनी तिला लहान म्हणून सोडून दिलं. डिकी १७५ लिटरची, म्हणजे दोन मध्यम बॅगा ठेवल्या की संपली. मागचं दार म्हणजे आख्खी काच. कुटुंबासाठी गाडी शोधणारे तिथेच थांबतात आणि किंमत खाली राहते, जे तुमच्या पथ्यावर पडतं. एकट्याने किंवा दोघांनी रोज जायचं असेल तर ही फार गोड गाडी आहे. होंडाचं १.२ लिटर आय-व्हीटेक इंजिन ८८ पीएसचं (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच), क्लच लोण्यासारखा, गिअरचा दांडा मनगटातूनच हलतो. आरपीएम चढू दिले की ती खुलते. खाली मात्र जरा सुस्त वाटते, म्हणून घाटात एक गिअर खाली ठेवायची सवय लावावी लागेल. उंची कमी आहे. चौघं बसून गावाकडच्या स्पीडब्रेकरवरून नेताना सांभाळा.

फोर्ड फिगोबद्दल तुम्ही विचारलं आहे, आणि मला ती मनापासून आवडते. २०१० मध्ये आलेल्या पहिल्या फिगोचं हायड्रॉलिक स्टिअरिंग या किमतीत मिळणाऱ्या गाड्यांत सर्वांत बोलकं आहे. तिचं १.४ डिझेल ६९ पीएसचंच, पण खालच्या आरपीएमपासून एकसारखं ओढतं, घाटासाठी उत्तम. २०१५ नंतरच्या फिगोत १.५ डिझेल आहे, १०० पीएसचं, आणि तेवढ्याशा गाडीत ते अक्षरशः उधळतं. दोन्ही डिझेलना टायमिंग बेल्ट असतो, तो कधी बदलला याचं बिल मागा. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि तिच्या जुन्या गाड्यांचे भाव उतरले. फिल्टर, ब्रेकपॅड, क्लच हे मिळतं. हेडलाइट, बंपर, आरसा अशा वस्तूंसाठी थांबावं लागू शकतं. नाशिकमध्ये फोर्ड जाणणारा मेकॅनिक तुमच्या ओळखीचा असेल तरच तिच्याकडे वळा. रोज कामावर जायचंय, गाडी पार्टसाठी गॅरेजमध्ये उभी राहून चालणार नाही.

फियाट पुंटोचंही तेच, थोडं जास्तच. आपल्या रांजणगावला बनलेली ही गाडी खड्ड्यांतून ज्या भारदस्तपणे जाते तशी या यादीतली दुसरी कुठलीच जात नाही. घरात दुसरी गाडी असती तर मी तुम्हाला तीच घ्या म्हटलं असतं. फोक्सवॅगन पोलोची १.२ लिटर तीन सिलिंडरची साधी पेट्रोल दणकट आहे, पण चढावर जीव कमी पडतो. तिचीच जीटी टीएसआय डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाली) या बजेटमध्ये कुणी दाखवली तर मोहात पडू नका. त्या गिअरबॉक्सचं काम निघालं तर गाडीच्या किमतीचा मोठा भाग एका बिलात जाईल.

डिझेल की पेट्रोल? तुमचं रनिंग महिन्याला अकराशे किलोमीटरच्या आसपास होईल. पेट्रोल गाडी लिटरला सोळा आणि डिझेल वीस देईल असं धरलं तर आजच्या भावाने महिन्याला साधारण दोन हजारांचा फरक पडतो. तो खरा आहे, पण दहा वर्षं जुन्या डिझेलचा टर्बो, इंजेक्टर किंवा क्लच-फ्लायव्हील यातलं एक जरी निघालं तरी वर्षा-दीड वर्षाची बचत त्यात जाते. आणि स्विफ्ट डिझेलमधलं फियाटचं १.३ इंजिन दोन हजार आरपीएमच्या खाली झोपलेलं असतं. शहरात आणि घाटात ट्रकच्या मागे नेमकी तीच वेळ येते. म्हणून मी पेट्रोल म्हणतो. सीएनजी किटचं कुणी सुचवेल. पैसे वाचतील, पण डिकीत टाकीचं वजन आणि इंजिनची ताकद कमी, म्हणजे ज्यासाठी गाडी घेताय तेच जाईल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि या वयाच्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, तेव्हा फ्युएल पाइप आणि रबरी सील मेकॅनिकला आवर्जून बघायला लावा.

एका बाबतीत मात्र तडजोड करू नका: एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेलंच व्हेरिएंट घ्या. त्या काळात हे सगळ्या मॉडेलना सक्तीचं नव्हतं, स्विफ्टच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये एअरबॅग नसायच्या. २०१४ मध्ये गाड्यांच्या क्रॅश टेस्ट करणाऱ्या ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे दिले आणि दोन एअरबॅगवाल्या पोलोला चार. याच स्विफ्टच्या बिनएअरबॅगच्या गाडीलाही त्या वर्षी शून्यच मिळाला. स्विफ्टचं वरचं व्हेरिएंट, म्हणजे पेट्रोल झेडएक्सआय, शोधायला महिना जास्त गेला तरी चालेल. तुम्ही रोज ट्रकांमधून जाणार आहात.

आता गाडी बघायला जाल तेव्हा. विक्रेत्याला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका, मला थंड इंजिनवर स्टार्ट करायची आहे. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळतंय, तिथूनच परत फिरा. मग काचा वर, एसी आणि रेडिओ बंद, आणि खराब रस्त्यावरून हळू चालवा. खडखड सस्पेन्शनच्या लिंक रॉडची, बुशची असेल तर घाबरू नका, ती स्वस्तात जाते आणि भाव कमी करायला उपयोगी पडते. स्टिअरिंग रॅकमधून ठकठक येत असेल तर हिशोब वेगळा. शक्य असेल तर गाडी मोहदरी घाटात न्या. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय द्या. आरपीएम वर गेले आणि वेग तिथेच राहिला तर क्लच संपलेला आहे. उतारावर ब्रेक लावून बघा, स्टिअरिंग थरथरलं तर ब्रेकच्या डिस्क गेलेल्या.

मीटर मागे केलेलं असणं फार कॉमन आहे. पन्नास हजार रनिंग सांगतात आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असतं. शोरूमची सर्व्हिस हिस्टरी मागवा. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा, ३२१९ म्हणजे २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही भरलेली दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलायचाच म्हणून धरा.

एमएच-०९ (कोल्हापूर), एमएच-१० (सांगली) किंवा एमएच-०८ (रत्नागिरी) पासिंगची गाडी आश्चर्यकारक स्वस्त मिळत असेल तर पुराची शक्यता तपासा. कोल्हापूर-सांगलीत २०१९ मध्ये आणि चिपळूणला २०२१ मध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, वरच्या टोकाला गाळाचा डाग राहतो. सीटखालच्या पट्ट्या गंजलेल्या, गालिच्याखाली कुबट वास, ही दुसरी लक्षणं. वायरिंगमध्ये शिरलेलं पाणी वर्षभराने त्रास देतं. दिल्लीची गाडी तर घेऊच नका. तिथल्या जुन्या गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे ती स्वस्त दिसते, पण एनओसी आणि इथला रोड टॅक्स भरून पदरात काय उरतं ते कागदावर मांडून बघा.

गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, प्लग, एअर फिल्टर हे सगळं बदलून टाका. मग लिंक रॉड, लोअर आर्मची बुशं, इंजिन माउंटिंग. मग टायर. खालच्या व्हेरिएंटच्या स्विफ्टला १६५/८० आर१४ टायर येतात. त्याऐवजी १८५/७० आर१४ टाकले तर व्यास जवळजवळ तोच राहतो, मीटर चुकत नाही आणि वळणावर गाडी वेगळीच बसते. माझ्या गाडीत हे केल्यावर खंबाटकीच्या वळणांवर मी पहिल्यांदा तिच्यावर पूर्ण विश्वास टाकला. झेडएक्सआयला १५ इंची टायर असतात, तिला हे करायची गरज नाही, फक्त चांगल्या कंपनीचे नवे घाला. अलाइनमेंट, बॅलन्सिंग करून घ्या. या सगळ्याला तीस हजारांच्या आसपास लागतील आणि गाडी पाच वर्षांनी तरुण वाटेल.

कागदांचं पटकन सांगतो. परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकून कितवा मालक, बँकेचा बोजा, इन्शुरन्स, पीयूसी बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. टीटी फॉर्म म्हणजे गाडी नावावर करण्याचे २९ आणि ३०, त्यांवर सही घ्या. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसीही लागेल. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्याने हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का ते पाहा. इन्शुरन्स १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्ता थोडा वाढेल. टोल नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना राष्ट्रीय महामार्गावर सवलतीचा मासिक पास मिळतो, त्याची शिंदेला चौकशी करा.

दोन-तीन गाड्या नक्की केल्यात की वर्ष, व्हेरिएंट, रनिंग आणि मागितलेली किंमत इथेच लिहा. कुठली बघायला आधी जायचं ते मी सांगतो.