वाचकांचे प्रश्न : कुकम गावचा चित्रकार

प्रश्न : मी गिरगावात वाढलो आणि सध्या मुंबईतच चित्रकलेचे शिक्षण घेत आहे. माझ्या चित्रांत बहुधा आमची चाळ आणि आसपासच्या वाड्याच येतात. त्यावरून सरांनी मला स्टॅन्ली स्पेन्सर या इंग्लिश चित्रकाराचे काम पाहण्यास सांगितले. मित्र मात्र म्हणतात, एकाच जागेला धरून राहणारा चित्रकार खुंटतो. स्पेन्सर यांचे तसे झाले का?
— एक विद्यार्थी, गिरगाव

उत्तर : माझ्या मते झाले नाही, कारण गावाचे देखणेपण टिपणे एवढाच त्यांचा हेतू नव्हता. स्पेन्सर यांचा जन्म १८९१ मध्ये थेम्सकाठच्या कुकम या खेड्यात झाला. १९०८ ते १९१२ या काळात लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकत असताना ते रोज आगगाडीने घरी परतत, म्हणून सहाध्यायी त्यांना ‘कुकम’ याच नावाने हाक मारीत. (कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना यात नवल वाटणार नाही.)

लहानपणापासून मनात भिनलेले बायबल त्यांनी थेट आपल्या गल्लीत आणले. १९२० मधील एका चित्रात क्रूस वाहणारा येशू त्यांच्या जन्मघरावरून जातो आणि त्याच रस्त्याने शिड्या घेतलेले कामकरीही चाललेले असतात. जनाबाईच्या जात्यापाशी बसणारा विठ्ठल ज्यांना परका वाटत नाही, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. ‘कुकममधील पुनरुत्थान’ (१९२४–२७) या सुमारे साडेपाच मीटर रुंद चित्रात गावच्या चर्चच्या आवारातील थडग्यांतून माणसे सावकाश उठत आहेत आणि त्यांत पत्नी हिल्डा, मित्रमंडळी व स्वतः चित्रकारही आहे. हे चित्र रंगवले गेले ते मात्र लंडनमधील हॅम्पस्टेडच्या स्टुडिओत, यावरून गाव त्यांच्या मनात किती पक्के बसले होते ते कळते.

पहिल्या महायुद्धात त्यांनी ब्रिस्टलच्या लष्करी रुग्णालयात सेवकाचे काम केले आणि पुढे ते मॅसिडोनियाच्या आघाडीवर गेले. त्या आठवणींतून बर्गक्लेअर येथील स्मारक-चॅपेलची भित्तिचित्रे (१९२७–३२) घडली. त्यांत लढाईचा थरार जवळजवळ नाहीच. आहे ते फरशी घासणे, अंथरुणे लावणे, पाण्याच्या बाटल्या भरणे. दुसऱ्या महायुद्धात स्कॉटलंडमधील पोर्ट ग्लासगोच्या गोदीतले वेल्डर आणि रिव्हेट ठोकणारे कामगार त्यांनी याच आस्थेने रंगवले. घरच्या माणसांकडे पाहून तयार झालेली नजर परमुलखातही उपयोगी पडली, ती अशी.

त्यांच्या आयुष्यात ओढाताणही पुष्कळ होती. १९३५ मध्ये चित्रे नाकारली गेल्यावर त्यांनी रॉयल अकॅडमी सोडली, ती १९५० पर्यंत. १९३७ मध्ये हिल्डाशी घटस्फोट होताच केलेला दुसरा विवाहही फसला. पैशासाठी त्यांनी कुकमची निसर्गचित्रे काढली, ती विकली जात; पण त्यांना स्वतःला त्यांचा जाच वाटे. आपल्या मित्रांची शंका खरी ठरत असेल तर ती या निसर्गचित्रांबाबत, कारण त्यांत गाव हुबेहूब दिसत असले तरी तेथे काही घडताना दिसत नाही.

१९५९ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यांचे निधन झाले. लहानपणी आईबरोबर ते ज्या प्रार्थनामंदिरात जात, तेथेच आज त्यांच्या चित्रांचे कायमचे दालन आहे. आपण मात्र सुरुवात बर्गक्लेअरच्या चित्रांपासून करावी आणि कुकमकडे नंतर वळावे.