मसाई मारा, डास आणि पुणेकरांची ‘सवय’

प्रश्न : डिसेंबरमध्ये मी (वय ६३), पत्नी आणि आमची सहा वर्षांची नात असे तिघे केनियातील मसाई मारा पाहायला जाणार आहोत. पुण्यात इतकी वर्षे डास चावत आल्यामुळे आम्हाला वेगळी काळजी घ्यावी लागणार नाही, असे मित्र म्हणतात. नेहमीचे मलम आणि ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या पुरतील का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : पुरणार नाहीत. डास चावण्याची सवय ही प्रतिकारशक्ती नव्हे. शिवाय तिथला डास आणि त्याची वेळ दोन्ही वेगळी आहेत. पुण्यात आपल्याला धास्ती असते ती डेंग्यू पसरवणाऱ्या आणि मुख्यतः दिवसा चावणाऱ्या एडिसची. मसाई माऱ्यात मात्र मोठा धोका फाल्सिपॅरम मलेरियाचा (मलेरियाचा गंभीर प्रकार) असून, तो पसरवणारी अ‍ॅनोफिलिसची मादी सायंकाळपासून पहाटेपर्यंत, म्हणजे पर्यटक सफारीहून परतून तंबूबाहेर गप्पा मारत बसतात नेमक्या त्याच वेळी, चावते.

म्हणून मलेरियाप्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यातच. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर ७ दिवस, तर डॉक्सिसायक्लिन परतल्यावर ४ आठवडे घ्यावे लागते. ८ वर्षांखालील मुलांना प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन देत नाहीत, त्यामुळे नातीचे औषध वजनानुसार वेगळे ठरेल. घरी आल्यावर गोळ्या मध्येच सोडण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा.

मलमाच्या वेष्टनावर डीट किंवा पिकारिडिन (डासांना दूर ठेवणारी रसायने) आणि त्याचे प्रमाण पाहावे. दोन्हींचे २० टक्के प्रमाण उपयुक्त ठरते. आधी सनस्क्रीन, त्यावर मलम. नातीच्या तळहातांना ते लावू नये, कारण मुलांचे हात तोंडात जातात. सायंकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि रात्री औषधयुक्त मच्छरदाणी हवीच. ब जीवनसत्त्वाने डास दूर राहत नाहीत.

केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या (यलो फीवर) लसीचे प्रमाणपत्र लागते आणि ते लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होते. साठीनंतर ही लस प्रथमच घेताना गंभीर दुष्परिणामांची शक्यता थोडी वाढते, तेव्हा आपल्या आजारांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी.

परतल्यानंतरच्या काही महिन्यांत ताप आल्यास, गोळ्या पूर्ण घेतल्या असल्या तरी, त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासावे. पुण्यात तापाच्या रुग्णाबाबत डेंग्यूची शंका आधी येते. आपण केनियाला गेला होता, हे डॉक्टरांनी विचारण्यापूर्वीच सांगावे.