सव्हॅनेला की सव्हॅनाला?

आर्वी तालुक्यातील एका शिक्षकांनी विचारले आहे की, मुलांसाठी कापसाच्या इतिहासाचे टिपण लिहिताना अमेरिकेतील ‘सव्हॅना’ हे नाव नदीचेही येते आणि बंदराच्या शहराचेही, तेव्हा ‘सव्हॅनेला’ लिहावे की ‘सव्हॅनाला’? शिवाय भूगोलातला सॅव्हाना गवताळ प्रदेश तो हाच का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर्धा जिल्ह्यात बोलताना आपण रोजच देतो. ‘वर्धेला पूर आला’ म्हणणारा पुलगावचा शेतकरी कचेरीच्या कामाला मात्र ‘वर्ध्याला’ जातो. नदी स्त्रीलिंगी, म्हणून कृष्णा-कृष्णेला याप्रमाणे वर्धा-वर्धेला. शहराचे नाव भंडारा, बुलडाणा यांच्या पंगतीतले, म्हणून वर्ध्याला. १८६६ मध्ये पालकवाडी येथे वसवलेल्या या शहराने नाव नदीचे घेतले खरे, पण नदी त्याला लागून वाहत नाही, आणि वर्ध्याहून वर्धा पाहायची तर पुलगावची वाट धरावी लागते. (बोलताना शहरालाही ‘वर्धेला’ म्हणणारे भेटतात, लिहिताना भेद पाळलेला बरा.)

हाच न्याय सव्हॅनाला लावावा. जॉर्जिया आणि दक्षिण कॅरोलिना या राज्यांची सीमा आखत अटलांटिकला मिळणारी ती नदी, म्हणून ‘सव्हॅनेला पूर’, ‘सव्हॅनेच्या काठी’. तिच्या काठावर, समुद्रापासून सुमारे ३० किलोमीटर आत, १७३३ मध्ये वसवलेले ते शहर, म्हणून ‘सव्हॅनाला’, ‘सव्हॅनात’. इथे ‘सव्हॅन्यात’ मात्र करू नये. परकीय नाव आपण फारसे वाकवत नाही, ‘कॅनडात’ म्हणतो, ‘कॅनड्यात’ नाही.

गवताळ प्रदेशाचा शब्द वेगळा. तो कॅरिबियन बेटांवरील टाइनो भाषेतून स्पॅनिशमार्गे आला, तर नदीचे नाव तिच्या काठी राहणाऱ्या शॉनी लोकांच्या नावावरून आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

टिपण कापसाचे आहे म्हणून आणखी एक. रुईतून सरकी वेगळी करणारे यंत्र इलाय व्हिटनी याने १७९३ मध्ये याच शहराजवळच्या मलबेरी ग्रोव्ह मळ्यावर तयार केले. त्या यंत्राच्या इंग्रजी नावातला ‘जिन’ म्हणजे ‘एंजिन’चेच आखूड रूप, आणि आपल्याकडचा शेतकरी ‘कापूस जिनिंगवर नेला’ म्हणतो तो त्यातूनच.