बाहेरचे ईमेल आमच्या सोलापूरच्या कार्यालयात अर्धा-पाऊण तास उशिरा का पोहोचतात?

कार्यालयातल्या कार्यालयात पाठवलेले ईमेल लगेच मिळत असतील आणि उशीर फक्त बाहेरच्या नव्या पत्त्यांवरून येणाऱ्यांनाच होत असेल, तर कारण बहुधा तुमची इंटरनेट जोडणी नसून तुमच्या मेल सर्व्हरवर चालू असलेले ‘ग्रेलिस्टिंग’ आहे. या पद्धतीत अनोळखी सर्व्हरला पहिल्या वेळी ४५१ सारखा तात्पुरत्या नकाराचा संकेत दिला जातो आणि त्याने पुन्हा प्रयत्न केल्यावरच ईमेल स्वीकारला जातो. एसएमटीपी म्हणजे सर्व्हरांमध्ये ईमेल पाठवण्याची नियमावली; तिच्या २००८ च्या मानकात, म्हणजे आरएफसी ५३२१ या दस्तऐवजात, दोन प्रयत्नांत साधारणपणे किमान ३० मिनिटांचे अंतर ठेवावे असे म्हटले आहे, आणि तुमचा अर्धा तास तिथूनच येतो.

खात्री करण्यासाठी उशिरा आलेल्या एका ईमेलचे संपूर्ण हेडर (ईमेलच्या प्रवासाची तांत्रिक नोंद) उघडा आणि ‘रिसीव्ह्ड’ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचा, कारण प्रत्येक सर्व्हर आपली नोंद सर्वांत वर जोडतो. वेळ वाचताना +०५३० (भारतीय वेळ) आणि +०००० (जागतिक प्रमाणवेळ, यूटीसी) हा फरक अवश्य धरा, अन्यथा साडेपाच तासांचा खोटा उशीर दिसेल.

- पाठवणाऱ्याचा सर्व्हर आणि तुमचा सर्व्हर यांच्या नोंदींत मोठे अंतर असेल, तर नेहमीच्या ग्राहकांचे डोमेन (ईमेल पत्त्यातला @ नंतरचा भाग) ग्रेलिस्टिंगमधून वगळण्याच्या मंजूर यादीत घाला. अक्कलकोट रस्त्यावरच्या एखाद्या टॉवेल निर्यातदाराला परदेशी मागणीपत्र तासभर अडकणे परवडत नाही.
- अंतर तुमच्या सर्व्हरनंतर असेल, तर व्हायरस-तपासणीची रांग पाहा.

मात्र हेडरमध्ये कुठेच अंतर दिसत नसेल, तर सर्व्हर निर्दोष आहे. अशा वेळी संगणकावरील आउटलुक ईमेल किती मिनिटांनी तपासते ते पाहा.